बासचा बॉक्स एका हाताने उचलता आला पाहिजे

सोनईचे नाव निघाले की चळवळीतल्या माणसाला १ जानेवारी २०१३ चे तिहेरी हत्याकांड आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. पण आज याच गावातला एक वेगळा विषय मांडतो आहे. मागे नेवासा कोर्टाच्या आवारात सोनईचा एक तरुण भेटला. वाटले, तारीख विचारायला आला असेल. तो म्हणाला, "जय भीम वकीलसाहेब. बास गिटारसाठी अॅम्प घ्यायचाय. एसटीत नेता येईल असा कोणता घेऊ?"

विद्यार्थिदशेत मी एका गायन पार्टीत बास वाजवीत असे, हे त्याला कुणीतरी सांगितले असावे. तोही भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. घोडेगाव फाट्यावर उतरायचे, पुढे मिळेल त्या जीपने किंवा मोटारसायकलने वस्ती गाठायची, ही त्यांची रीत. वरवर पाहता प्रश्न हौसेचा वाटतो. तो तसा नाही.

माझ्या पार्टीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. जयंतीचा कार्यक्रम होता, साउंड भाड्याचा होता. दुसरे गाणे चालू असताना साउंडवाल्याने "असली गाणी माझ्या बॉक्सवर नकोत" म्हणत वायर काढली. की-बोर्ड बंद, ऑक्टोपॅड बंद, माझा बास बंद. ढोलकी तेवढी चालू राहिली. चामड्याला वीज लागत नाही! १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, तेव्हा त्यांची वायर काढणारा कुणी नव्हता. आज आपले प्रबोधन दुसऱ्याच्या प्लगवर चालते. याच जिल्ह्यात, शिर्डीत, २०१५ मध्ये मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला. तेव्हा आवाज कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्याकडे कोरडा तांत्रिक राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. बास अॅम्प जड का असायचा? अमेरिकेतल्या अँपेग कंपनीने १९६९ मध्ये आणलेला ३०० वॅटचा एसव्हीटी अॅम्प घ्या. नुसते डोके ३८ किलोच्या आसपास, आणि त्याखालचा आठ स्पीकरचा बॉक्स त्याहून कितीतरी जड. वजन होते लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे आणि काचेच्या व्हॉल्व्हचे. आता क्लास डी पद्धतीचे अॅम्प आले. त्यात वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही, म्हणून अॅल्युमिनियमचे मोठे पत्रे लागत नाहीत. स्विचिंग सप्लायमुळे लोखंडाचा गोळाही गेला. मार्कबासचा लिटल मार्क थ्री तीन किलोहून हलका आहे आणि ५०० वॅट देतो.

पण इथेच तरुण फसतात. ते ५०० वॅट ४ ओहमच्या भारावर आहेत. ८ ओहमचा एकच बॉक्स जोडला तर ३०० च मिळतात. आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० ऐवजी २०० वॅटसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने काय मिळवले? थोडेसेच. तेच पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत. निओडिमियम चुंबकाचा स्पीकर महाग असतो, पण बॉक्सचे बरेच ओझे तिथेच उतरते. बॉक्स प्लायवुडचा बघावा. भुशाच्या पाट्यांचा बॉक्स एका पावसाळ्यात फुगतो.

त्याला मी सुटे डोके आणि बॉक्स घ्यायला सांगितले नाही. एकाच पेटीतला कोंबो घे म्हटले. फेंडरचा रंबल १०० घेतला तर १२ इंची स्पीकर आणि वजन सुमारे १० किलो. रंबल ४० तर आठ किलोच्या आसपास, पण त्याचा १० इंची स्पीकर ढोलकी आणि ऑक्टोपॅडपुढे उघड्या मैदानात कमी पडेल. रंबल ५०० साडेसोळा किलोचा आहे. तो उचलता येतो, पण मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर धरून बघा म्हणजे कळेल.

शंभर वॅटमध्ये हजार माणसांपर्यंत बास कसा पोचणार, असे त्याने विचारले. पोचवायचाच नाही! मंचावरचा अॅम्प गायकाला आणि ढोलकीवाल्याला ऐकू येण्यापुरता. अॅम्पच्या मागे लाइन आउटचे किंवा डी. आय.चे भोक असते, तिथून वायर मुख्य मिक्सरला द्यायची. ते भोक नसलेला अॅम्प फुकट मिळाला तरी घेऊ नये. आणि ज्या वस्तीत फक्त भोंगे असतील तिथे मिक्सरचाही उपयोग नाही. बासच्या जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, भोंगा तो काढूच शकत नाही. तिथे आपली पेटीच आपला आधार.

विजेबद्दल मात्र मी त्याला दम दिला. घूं आवाज येतो म्हणून आपली पोरे प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापतात. हातात लोखंडी तारा, ओठाला माइक आणि खाली ओला मंडप. ही पिन कापणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. घूं घालवायला डी. आय.वर ग्राउंड लिफ्टचे बटण असते, ते दाबावे. नातेवाइकाने परदेशातून आणलेला अॅम्प असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिले आहे का, हे आधी वाचावे. १२० चा इथे लावला की संपला. लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालतो, पण साइन वेव्हचा हवा, नाहीतर अॅम्प भणभणतो.

आणि वकील आहे म्हणून हेही सांगितले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पोलिसांचे मीटर सहसा ए-भारावर मोजते, ते खोल आवाज कमी धरते. म्हणून मीटरवर आकडा बरा दिसतो, तिकडे शेजाऱ्याची खिडकी हादरत असते. डीजेच्या भिंतींवर आपल्या मंडळांचे जितके पैसे जातात, तितक्यात दोन-तीन पार्ट्यांची वाद्ये येतील, असे माझे मत आहे. ते अनेकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या बासमध्ये गाण्याचे शब्द बुडतात, तो आपल्या काय कामाचा?

त्याने सगळे फायलीच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. पैसे वर्गणीचे आहेत, म्हणून पावती पार्टीच्या नावाने घे, एकाच्या नावाने नको, एवढे मी शेवटी घातले. चौदा एप्रिलच्या आत अहिल्यानगरला जाऊन बघायचे ठरले आहे. सोबत ढोलकीवाला जाणार आहे. दुकानात तो ढोलकी वाजवणार, हा शेजारी बास लावणार, आणि मग पेटी कोण किती वेळ हातात धरू शकतो ते बघणार.