सायकलवरचे ओझे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालन्याहून सिंदखेडराजामार्गे लोणारचे विवर १०० किलोमीटरच्या आत आहे. राजूरचा गणपती तर सुमारे २५ किलोमीटरवर. अशा प्रवासाला मुक्कामाचे सामान घेऊन सायकलने निघायचे ठरले, की सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे मोटारसायकल, एस.टी. किंवा डोंगरातली पायपीट यांच्या अनुभवातून आलेले असतात आणि तिथे ते बरोबरही असतात. सायकलवर मात्र ओझे किती यापेक्षा ते कुठे ठेवले आणि कसे बांधले, याला जास्त महत्त्व आहे.

गैरसमज : पाठीवरची सॅक सर्वांत सोयीची.

चालताना सॅकचे वजन कंबरेचा पट्टा पेलतो, पाय ते वाहून नेतात आणि कणा ताठ असतो. म्हणूनच ती सोयीची वाटते. सायकलवर शरीर पुढे झुकते. तेच वजन मग खांदे, मनगटे आणि सीटवर टेकलेल्या हाडांवर येते. तासाभरात मान भरून येते, आणि पाठ झाकली गेल्याने घाम वाळत नाही. शिवाय ओझे जितके उंच, तितका तोल सांभाळणे अवघड. शाळेपर्यंत दोन-तीन किलोमीटर सॅक चालते. दिवसभराच्या प्रवासात ओझे सायकलनेच वाहावे.

गैरसमज : कॅरिअर मागेच असते, म्हणून सगळे सामान मागेच बांधावे.

दूधवाल्यांच्या आणि धान्याची पोती नेणाऱ्यांच्या सायकली पाहून ही समजूत पक्की होते. पण दूधवाला कॅन कॅरिअरच्या डोक्यावर रचत नाही. दोन्ही बाजूंना, चाकाच्या अंगाने खाली लटकवतो. यातली खरी शिकवण तीच आहे. शिवाय तो गावातल्या गावात, सावकाश चालवतो. एरवीही स्वाराचे निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावरच असते. त्यात सगळे सामान मागे गेले की पुढचे चाक हलके पडते, चढावर हँडल भरकटते आणि मागचे स्पोक तुटू लागतात. गिअरच्या सायकलीत ते बहुधा साखळीच्या बाजूचे तुटतात; तिथला स्पोक बदलायला गिअरची चकती काढावी लागते आणि त्याचे खास हत्यार प्रत्येक गावात मिळत नाही. जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या आणि काही भाग पुढे, ही विभागणी चाक वाचवते. बाजूच्या पिशव्या पायडल मारताना टाचेला लागत नाहीत ना, हे घरीच पाहावे.

गैरसमज : वजन कमी केले की सगळे साधले.

हलके सामान चांगलेच. पण वजनाची भीती वेगापुरती तरी अवास्तव आहे. १० किलो जादा ओझे १०० मीटर उंच चढवायला सुमारे १०,००० ज्यूल ऊर्जा लागते. १०० वॅट शक्ती लावणाऱ्या स्वाराला त्यासाठी सुमारे पावणेदोन मिनिटे जास्त मोजावी लागतात. सपाट रस्त्यावर फरक याहून किरकोळ. वजनाची खरी किंमत चाके, ब्रेक आणि तोल यांच्याकडून वसूल होते. या भीतीपोटी पाण्यात काटकसर करणे मात्र धोक्याचे. एप्रिल-मे महिन्यांत जालन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि अशा उन्हात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. २०१२-१३च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. उन्हाळ्यात वाटेतल्या प्रत्येक गावात पाणी मिळेलच, असे धरून निघू नये. एक जादा कपड्याचा जोड घरी ठेवावा, पाणी नव्हे.

गैरसमज : रबरी दोरीने आवळले की सामान हलत नाही.

घरासमोर उभ्या सायकलवर ते खरेच हलत नाही, म्हणून खात्री वाटते. पण लवचिक दोरी ताणली जाते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. खड्ड्यात पिशवी उसळते, दोरी सैल होते आणि आकडा निसटून स्पोकमध्ये अडकू शकतो. फिरते चाक अचानक थांबले तर स्वार पडतो. न ताणणारे, बकल असलेले पट्टे वापरावेत आणि त्यांची मोकळी टोके खोचून टाकावीत. कॅरिअरचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले होतात; ते रोज सकाळी तपासावेत. बऱ्याच कॅरिअरवर कमाल भार लिहिलेला असतो. सीटच्या दांड्याला एकाच जागी आवळलेले कॅरिअर बहुधा १० किलोच्या आसपासच पेलते. खाली आसापर्यंत दांडे असलेले २५ किलोपर्यंतचे मिळते.

गैरसमज : पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे, म्हणजे आतले कोरडे राहील.

कापड खरोखरच पाणी अडवते, म्हणून विश्वास बसतो. पाणी शिरते ते शिवणीच्या छिद्रांतून आणि चेनमधून. खालून चाकाने उडवलेला चिखल वेगळाच. त्यामुळे कपडे, कागदपत्रे आणि मोबाइल आत जाड प्लास्टिकच्या वेगळ्या पिशव्यांत बांधावेत. बियाण्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात एक इशारा आवश्यक आहे. प्रक्रिया केलेल्या बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या मजबूत असल्या, तरी त्यांना औषधाचा अंश चिकटलेला असू शकतो. त्यांत खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये.

गैरसमज : महागडे साहित्य नसेल तर लांबचा प्रवास नको.

दुकानातल्या किमती आणि चकचकीत छायाचित्रे पाहून असे वाटणे साहजिक आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९२३ साली मुंबईहून पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. आजची हलकी कापडे आणि मिश्रधातू तेव्हा नव्हते. मजबूत कॅरिअर, दोन सारख्या भरलेल्या पिशव्या, पक्के पट्टे आणि नीट ताणलेले स्पोक एवढ्यावर साधी सायकलही लोणार गाठते. खर्च करायचाच असेल, तर आधी मागच्या चाकावर करावा.

या सगळ्याची परीक्षा सोपी आहे. लोणारला निघण्याच्या आठवडाभर आधी, नेणार तेवढेच सामान पाण्यासह बांधून राजूरला जाऊन यावे. परतल्यावर कोणता पट्टा सैल झाला, कोणती पिशवी घासली आणि कोणती वस्तू एकदाही लागली नाही, हे लिहून काढावे. कोणाच्याही सल्ल्यापेक्षा ती यादी जास्त भरवशाची असते.