शेजारी दहा हजार किलोमीटरवरचा

बांधावरून कोर्टात गेलेली माणसे गावोगाव सापडतील. वरच्याच्या शेतातले पाणी खालच्याच्या उभ्या पिकात शिरले, की आधी शिव्या, मग पंच, शेवटी वकील. पण त्रास देणारा शेजारी समुद्रापलीकडे, दहा हजार किलोमीटरवर असेल तर? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या एका शेतकऱ्याने असा दावा लावला आणि साडेनऊ वर्षे चालवला.

त्याचे नाव साउल लुसियानो यूया. अँडीज पर्वतातील क्वेचुआ या मूळ रहिवाशांपैकी तो एक. मका, बटाटा पिकवायचा आणि हंगामात गिर्यारोहकांना शिखरांची वाट दाखवायची, हा त्याचा प्रपंच. घर वारास गावी. गावाच्या डोक्यावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, पाल्काकोचा नावाचे तळे आहे. १३ डिसेंबर १९४१ रोजी ते फुटले. शहराचा मोठा भाग वाहून गेला, हजारो माणसे दगावली. पुढे बांध घालून पाणी उतरवले. १९७०च्या दशकात तळ्यात जेमतेम पाच लाख घनमीटर पाणी होते. पण हवा तापली, डोंगरावरचे बर्फ वितळत राहिले आणि २००९ साली तेच पाणी एक कोटी सत्तर लाख घनमीटरवर गेले. बर्फाचा कडा तळ्यात कोसळला तर काय होईल, हे १९४१ने दाखवलेच आहे.

हवा तापवली कुणी? कोळशाच्या धुराने. जर्मनीतील आर.डब्ल्यू.ई. ही वीजकंपनी त्यातली एक मोठी. जगातल्या कारखानदारीच्या धुरात तिचा वाटा ०.४७ टक्के, असा अभ्यासकांचा हिशेब होता. नोव्हेंबर २०१५मध्ये यूयाने एसेन शहरातील कोर्टात मागणी केली, ती एवढीच : तळ्याच्या बंदोबस्ताच्या खर्चापैकी ०.४७ टक्के, म्हणजे सुमारे सतरा हजार युरो, कंपनीने द्यावेत. भावकीच्या वाटणीतही इतका चोख हिशेब क्वचितच कुणी मांडतो! आधार घेतला तो जर्मनीच्या जुन्या कायद्याचा. दुसऱ्याच्या मालमत्तेला उपद्रव देणाऱ्याने तो दूर करावा, असे त्यात आहे.

२०१६मध्ये खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. हाम येथील वरिष्ठ कोर्टाने मात्र २०१७मध्ये पुरावा तपासायचे ठरवले आणि २०२२मध्ये न्यायाधीश स्वतः पेरूत जाऊन तळे व घर पाहून आले. आपल्याकडे पंचनाम्याला तलाठी यायला किती हेलपाटे पडतात, ते ज्याचे त्याला ठाऊक!

२८ मे २०२५ रोजी निकाल लागला. यूया हरला. येत्या तीस वर्षांत त्याच्या घरापर्यंत पूर येण्याची शक्यता तज्ज्ञांनी एक टक्क्याच्या आसपास धरली. तेवढ्यावर दावा टिकला नाही. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटले, की मोठ्या प्रमाणावर धूर सोडणाऱ्या कंपनीला अशा नुकसानीबद्दल जबाबदार धरता येते. अंतर लांबचे, ही सबब चालणार नाही. पैसे मिळाले नाहीत. पण पुढच्या दावेदाराला निदान दार उघडे सापडेल.

तळ्यातले पाणी उपसण्यासाठी तिथे नळ टाकलेले आहेत, काठावर राखणदार बसवलेले आहेत. आणि खाली वारासमध्ये यूयाचे घर आहे तिथेच आहे.