सामाईक भिंत आणि शेजारधर्म

लष्करच्या इंदरगंजासारख्या जुन्या वस्तीत दोन बिऱ्हाडांच्या तुळया पुष्कळदा एकाच भिंतीवर विसावलेल्या असतात. अशा भिंतीस हात घालताना नगर निगमची परवानगी पुरेशी आहे, असे आम्हांस वाटत नाही. इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. तथापि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वये २० वर्षे बिनतक्रार, अखंड लाभलेला आधार हा शेजाऱ्याचा हक्क ठरू शकतो. तेव्हा पायाची खोली, कामाचा नकाशा व आरंभाची तारीख लिहून तो कागद घरमालकाने स्वतः नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. (एकदम वकिलाची नोटीस धाडली, तर सख्खे काकाही बिथरतात!) जुन्या भेगांची छायाचित्रे उभयतांच्या समक्ष काढावीत, कारण भेग आधीची की नंतरची, हा तंटा पहिल्याच पावसाळ्यात उपस्थित होतो.