इसब आणि त्याचे सोबती

आमच्या बीड जिल्ह्यात बालकाच्या अंगावर खाजरे चट्टे उठले की कित्येक घरी ती खरूज समजून त्यास दूर बसवितात. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते व एकाची दुसऱ्यास लागते. इसब मात्र स्पर्शाने लागत नाही. इसबात त्वचेचे कवच दुबळे असते. त्यातून धुळीचे व अन्नाचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांस शत्रू मानू लागते. अशा विपरीत वृत्तीस व्हिएन्नाचे वैद्य पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. म्हणूनच इसब झालेल्या काही मुलांस अंडे, दूध वा भुईमूग सोसत नाही. काहींस पुढे शिंका व दमाही जडतो. ज्वारीच्या मळणीची धूळ आणि १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलेले गाजरगवत ही आपल्याकडील निमित्ते होत.

पालकांनी स्नानानंतर त्वचेस डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावावे, स्वमताने मुलाचे अन्न तोडू नये, आणि रात्रीचा खोकला वा छातीतील घरघर यांची हयगय करू नये. विद्यार्थिमित्रांनो, अशा वर्गबंधूस आपल्या बाकावर जागा द्या.