घोडं अडतं तांब्याच्या पट्टीपाशी

हिमायतनगर, भोकर, किनवट या पट्ट्यात थ्री फेज लाईट कधी रात्री-अपरात्री येते, त्यामुळे मोबाईलवरून मोटार चालू करणारा स्टार्टर इथे नवलाईचा राहिलेला नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला इथल्या विद्यार्थ्यानं हाच विषय घेतला तर ते योग्यच आहे. पण बहुतेक वेळा होतं काय? बाजारातला आर्डुइनो, एक जीएसएम मॉड्यूल, एक रिले आणि मधे जंपर वायरींचं जंजाळ. ऐन परीक्षेत एखादी वायर निसटते. हे सगळं स्वतः आखलेल्या एका बोर्डावर का आणत नाही, असं विचारलं की ठरावीक उत्तरं येतात. ती एकेक करून तपासण्यासारखी आहेत.

‘हे पुण्या-बंगळुरूचं काम आहे.’ नाही. आखणी होते ती लॅपटॉपवर. कीकॅड हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. फ्रान्समधल्या जाँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये ते लिहायला घेतलं आणि आज जगभरातले व्यावसायिकही ते वापरतात. त्यातून निघालेल्या गर्बर फाइल्स कारखान्याला ऑनलाइन पाठवायच्या, बोर्ड कुरिअरनं येतो. सरावापुरता एका बाजूचा बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये घरीही होतो. मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं.

‘चिप विकतची, मग त्यात आपलं काय?’ १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर प्रोसेसर इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. तरीही परमला कुणी उसना संगणक म्हणत नाही. चिप घडवणं हे एक शास्त्र आहे आणि तिच्याभोवती चालतं यंत्र उभं करणं हे दुसरं. विद्यार्थ्यानं शिकायचं ते हे दुसरं.

आता सगळ्यात महागात पडणारा समज: ‘सर्किट बरोबर, प्रोग्राम बरोबर, म्हणजे बोर्ड चालणारच.’ इथेच महिना-महिना वाया जातो. सिम८०० हे जीएसएम मॉड्यूल घ्या. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. एरवी ते थोडक्या करंटवर भागवतं, पण टॉवरला सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बोर्डावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं. सॉफ्टवेअरनं सुचवलेली ०.२५ मिलिमीटर रुंदीची पट्टी तशीच ठेवली आणि ती ५ सेंटीमीटर धावली, तर तिचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो. २ अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट गळतात. ग्राउंडची परतीची पट्टीही तितकीच बारीक असेल, तर आणखी ०.२. बॅटरीचे ३.७ व्होल्ट मॉड्यूलपर्यंत पोचता पोचता ३.३ होतात आणि मॉड्यूल बंद पडतं. पाच एचपीच्या मोटारीला अर्धा इंची पाइप जोडावा, तसं हे आहे.

मल्टिमीटर इथे दगा देतो. तो झटका जेमतेम अर्ध्या मिलीसेकंदाचा असतो आणि मीटर सरासरी दाखवतो. म्हणून विद्यार्थी प्रोग्राम उकरत बसतो, नवं मॉड्यूल मागवतो. इलाज साधा आहे: पट्टी अडीच मिलिमीटर केली की गळती एक दशांशावर येते, ग्राउंडला खालचा अख्खा थर द्यायचा, आणि मॉड्यूलच्या पायांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर बसवायचा. हे सगळं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. डेटाशीट वाचायचा कंटाळा हाच या कामातला खरा शत्रू आहे, असं माझं ठाम मत आहे. जाता जाता आणखी एक: सिम८०० फक्त टू-जीवर चालतं आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. त्यामुळे जिओचं सिम घालून कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही.

‘सॉफ्टवेअरनं चूक दाखवली नाही, म्हणजे बोर्ड निर्दोष.’ सॉफ्टवेअर दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजतं, तुमच्या मनातला हेतू त्याला कळत नाही. व्होल्टेज रेग्युलेटरच्या पायांचा क्रम उलटा धरला असेल, तर तपासणी हसतखेळत पास होते. ईएसपी३२ या वायफाय मॉड्यूलच्या अँटेनाखाली तांबं पसरलं तरी ते आपणहून ओळखेल याची खात्री नाही, वायफाय मात्र मरगळतं. यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. मांडणी मूळ आकारात कागदावर छापायची आणि प्रत्येक सुटा भाग त्यावर ठेवून पाहायचा. कनेक्टरचे पाय ठिपक्यांवर बसले नाहीत, तर ते ऑर्डर देण्याआधीच कळतं.

‘एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठावरच बसणारे बारीक भाग, हातानं जोडता येत नाहीत’ हेही खरं नाही. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, भरपूर फ्लक्स आणि भिंग असलं की ०८०५ आकाराचे रेझिस्टर पहिल्याच दिवशी जमतात. पाय पोटाखाली दडलेल्या चिप्स पहिल्या बोर्डावर टाळाव्यात.

आणि हे सगळं एका सत्रात, एकट्यानं, पहिल्याच फटक्यात? पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह घडवला. काम २००८ मध्ये सुरू झालं आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून तो अवकाशात गेला. विद्यार्थ्यांच्या कित्येक बॅचेसचे हात त्याला लागले. पंपाच्या बोर्डाला आठ वर्षं लागणार नाहीत, पण पहिली आवृत्ती चुकणार आणि दुसरी मागवावी लागणार, हे वेळापत्रकात धरूनच चालावं.

शेवटचा समज जिवावर बेतणारा आहे: ‘बोर्ड पाच व्होल्टचा, त्याला कसला शॉक?’ रिलेच्या पलीकडच्या बाजूला स्टार्टरच्या कॉइलचे २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात. ती बाजू बोर्डाच्या एका कडेला वेगळी ठेवावी, ती आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये ८ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी आणि तिथून ग्राउंडचं तांबंही जाऊ देऊ नये. पहिली चाचणी मोटारीवर करू नये. कमी व्होल्टेजचा दिवा लावून रिले तपासावा, आणि स्टार्टरला जोडायची वेळ येईल तेव्हा डीपीवरून लाईट बंद करून, जाणत्या वायरमनला सोबत घेऊनच जोडावा.