मोजणीत न बसलेले ड्रायव्हर

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार, असं जाहीर झालं. मलकापुरात राहून ट्रकवर उमर घालवलेल्या आमच्यासारख्यांना ही बातमी गोड लागली नाही. बदलीचा ड्रायव्हर कायम कसा होतो ते आम्ही अंगावर काढलंय. त्यात कागद कधी नव्हताच.

क्लीनर होतो त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काचा पुसल्या, चाकांमागं दगड लावले, शिव्या खाल्ल्या. हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर जुनं झाल्याशिवाय जड वाहनाचं मिळत नाही, म्हणून तेवढी कळ काढली. खरी मजा आणि खरी सजा, दोन्ही 1995 नंतरच्या दहा वर्षांतली.

बदलीवाल्याला पैसे खेपेवर. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाला ताप आला, कुणी मालकाशी भांडून गेला, की आमचं नशीब उघडायचं. दिवाळीनंतर उसाचा हंगाम पकडला की चार महिने बरे जायचे. कारखान्याच्या तळावर नंबर लावून रात्री काढायच्या, काटा झाला की पुन्हा फडाची वाट धरायची. उन्हाळ्यात कोकणातून जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढायचा. पाऊस लागला की काम बंद आणि उधारी सुरू.

कायम झालो ते एका वाक्यावर. "उद्यापासनं किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. महिन्याचा पगार, वर भत्ता, पावसाळ्यात अर्धा पगार. किराणावाला न विचारता वहीत मांडायला लागला, सोयरिकीची बोलणी सुरू झाली. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा मान आपला. एकच गाडी वर्षानुवर्षं हातात राहिली की तिचा ब्रेक किती दाबल्यावर धरतो हे पायाला ठाऊक असतं. धुक्यात घाट उतरताना तेवढाच भरवसा. आता महिन्या-दोन महिन्यांनी माणूस बदलतो आणि मोबाइलवर गाडीचा ठिपका बघणारा मालक ड्रायव्हरला तोंडानं ओळखत नाही. गाडी अशी कुणाचीच उरली नाही, याचं वाईट वाटतं.

पण म्हणून त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. टायर फुटला तर पगारातून कापायचे. माल चढवताना-उतरवताना वाराई, म्हणजे हमाली, द्यायला खिसा आमचाच. कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून आवाज उठवला तो फार पुढं. एक दिवस मालकांनी गाडी विकली आणि गाडीबरोबर माझी नोकरीही गेली. ना फंड, ना ग्रॅच्युइटी.

का नाही, ते विचारल्यावर आकडे ऐकायला मिळाले. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास म्हणत होता, पण पाच कामगार असतील तिथंच. ग्रॅच्युइटीला दहा लागतात, फंडाला वीस. दोन गाड्यांच्या मालकाकडं ड्रायव्हर-क्लीनर धरून माणसं होतात चार!

मग जीएसटी आला, नाके उठले, फास्टॅग लागला. टोलची रांग आखडली, आमची मोजणी तशीच राहिली. आता तर त्या चार संहितांपैकी एकीनं 1961 चा कायदा पोटात घेतला आणि वाहतूक धंद्यासाठी पाचाचे दहा केले. नेमणूकपत्राचं कलमही त्याच संहितेत आहे. म्हणजे पूर्वी आमची गाडी एका माणसानं चुकत होती, आता सहांनी चुकते.

जीवघेणा अपघात करून न कळवता पळालेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद, हे न्याय संहितेतलं कलम आठवा. जानेवारी 2024 मध्ये देशभर ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हा ते कलम थांबवलं गेलं. त्या कलमाला मालकाकडं माणसं किती, हे विचारायची गरज पडली नव्हती. तुरुंगासाठी एकटा ड्रायव्हर पुरतो, तर नेमणूकपत्रासाठीही पुरला पाहिजे.