हंसराजाची शीट आणि जतची विहीर

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात हंसराज हा नेचा चटकन ओळखू येतो. पानं तपकिरी पडली तरी देठ काळाभोर आणि चकचकीत राहतो. शीट साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरची. जाणकार संग्राहक एखादं पान उलटं चिकटवतो. पानाची कड मागे दुमडलेली असते आणि बीजाणू त्या दुमडीच्या पोटालाच धरतात. नेच्यांत ही या कुळीची खूण. अर्धचंद्राकृती पानांचा, शेंड्याला मूळ फुटणारा तो *अडियान्टम फिलिपेन्स*. पंख्यासारख्या नाजूक पानांचा *अडियान्टम कॅपिलस-व्हेनेरिस*. दोन्ही नावं लिनिअसने १७५३ मध्ये दिली.

आपल्याकडे या नेच्यांची पद्धतशीर नोंद मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झाली. स्विस जेझुइट एथलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी'आल्मेडा यांचं मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवरचं पुस्तक १९२२ सालचं. तिथलं हर्बेरियम आजही ब्लॅटरच्या नावाने आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये आलं.

पण शीटवर मला नेच्याहून लेबल महत्त्वाचं वाटतं. गाव, तारीख, उंची, संग्राहकाचा क्रमांक. नाव पुढे बदलतं. नवा अभ्यासक जुन्या चिठ्ठीला हात न लावता शेजारी आपली चिठ्ठी डकवतो. जागा आणि तारीख मात्र पुन्हा मिळवता येत नाही.

संग्राहक पावसात निघतात ते घाटाकडे. महाबळेश्वर, कोयना, चांदोली. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाला टेकलेल्या जतकडे नेच्यासाठी कोण वळणार? पर्जन्यछायेतला, टँकरची सवय असलेला तालुका. म्हणून नोंदींच्या नकाशावर एखादा ठिपका दिसला नाही, तर झाड तिथे नाही असं धरून चालू नये. कदाचित कुणी गेलंच नसेल. *कॅपिलस-व्हेनेरिस*ला ओल हवी आणि चुनाही मानवतो. जुन्या दगडी विहिरीच्या चुन्याच्या सांध्यांत दोन्ही मिळतं, बाहेर कितीही ऊन असो. नेचा शोधायचा तर कठड्यावरून आत वाकून, सावलीच्या बाजूला, पाण्याच्या वर असलेल्या दगडांच्या थरांत बघावं.

सापडलाच तर मुळासकट थोडाच घ्यावा, तिथेच वर्तमानपत्रात दाबावा. रोज कागद बदलावेत. आणि लेबलवर नुसतं 'जत' लिहून सोडू नये. गाव, विहीर कुठल्या मळ्यातली, काठ कोणत्या दिशेचा, त्या दिवशी पाणी किती खाली होतं, हे सगळं लिहावं. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी या भागात पोचू लागल्यावर विहिरींचं काय होतं, हे उद्या कुणाला तपासायचं झालं, तर त्याला पाण्याचा तो आकडा लागेल.